मोठेबाबांना वास येतो का?

बंगळूर, ६ मार्च २०२५

प्रिय मोठीमाय,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण तुमच्या घरचा फोन मोठेबाबांच्या खिशात असतो आणि ते तो कायम स्पीकरवर टाकतात. माझी ख्यालीखुशाली केशोरीच्या अर्ध्या मोहल्ल्याला कळते. मला जे विचारायचं आहे ते त्यांच्यासमोर विचारता येत नाही, म्हणून पत्र, आणि तेही अंगणवाडीच्या पत्त्यावर.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझ्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं. तू म्हणालीस कवाड लागलं, आणि लगेच फोन छताकडे फिरवलास. मागच्या महिन्यात मनगटाला पट्टी होती, तेव्हा म्हणालीस विहिरीवर घसरले. अगं, पोरांचे बहाणे पकडण्यात तुझी सगळी नोकरी गेली. स्वतःला बहाणा करता येत नाही तर कशाला करतेस?

आई गेली तेव्हापासून मी तुमच्याच घरात वाढले. आईची मोठी बहीण म्हणून तू मोठीमाय, आणि म्हणून ते मोठेबाबा, पण मला तर तुम्हीच आईबाप. मोठेबाबांनी तुझ्यावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. म्हणूनच विचारायची भीती वाटते. तरी विचारते. ते तुला मारतात का?

खरं लिही. मी इथं एकटी बसून नाही नाही ते मनात आणते आहे.

तुझी खुशबू

*

केशोरी, १५ मार्च २०२५

खुशबू,

जय भीम. पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा मी पोरांना खिचडी वाढत होते. वाचता वाचता खिचडीत मीठ दोनदा पडलं. पोरं गरीब, मुकाट्यानं खाल्ली.

नाही, ते मला मारत नाहीत. म्हणजे मार लागतो, पण ते मारत नाहीत. आता हे तुला कसं समजावू?

झोपेत होतं हे. दिवाळीनंतर सुरू झालं. माणूस गाढ झोपेत असतो आणि एकदम हात फिरवतो, लाथा झाडतो, ओरडतो, "हट! निघ! निघ म्हणतो ना इथून!" डोळे मिटलेले. हलवून जागं केलं की उठून बसतात आणि मलाच विचारतात, "काय झालं वं?" सकाळी माझ्या तोंडाकडे बघून म्हणतात, "हे कायचं लागलं तुले?" त्यांनाही मी कवाडच सांगितलं. आमच्या घरच्या कवाडाची फार बदनामी झाली आहे.

हसून लिहिते आहे, पण मला भीती वाटते खुशबू. दिवसा हा माणूस आधी माझं ताट वाढतो, मग स्वतःचं. जंगलखात्याच्या वणव्याच्या राखणीवरून दमून येतो तरी पाण्याची गुंडी मला उचलू देत नाही. मग पोटात एवढं काय साठवून ठेवलं आहे? आम्हाला मूल झालं नाही. त्यांनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. आता झोपेत निघतं आहे का ते? त्या घरात आम्ही दोघंच असतो. मग ते "निघ" कोणाला म्हणतात?

दुसरी गोष्ट म्हणजे दारूबंदीच्या महिला मंडळाची अध्यक्षीण मी. दारू पिऊन बाईवर हात टाकणाऱ्याला बैठकीत उभं करायचं, चूक कबूल करून घ्यायची आणि विहारातलं कोणतंही काम त्याच्याकडे ठेवायचं नाही, हा नियम मीच केला. आता शामकला आणि बाकी बाया माझा डोळा बघून आपापसांत कुजबुजतात. २३ तारखेला, रविवारी बैठक आहे. तुझे मोठेबाबा आणि दारू! विहारात गावाला पंचशील म्हणायला लावणारा माणूस तो. पण बाया म्हणतात, मोहफुलाच्या दारूचे दिवस आहेत, कोणाचं काय सांगता येते.

तू मेंदूच्या दवाखान्यात काम करतेस. हे वेड असतं का गं? असलं तर गोड करून लिहू नकोस.

तुझी मोठीमाय

*

बंगळूर, २२ मार्च २०२५

मोठीमाय,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. लिफाफा उघडून जिन्यातच वाचलं आणि तिथंच बसून राहिले.

हे वेड नाही. आधी हे पक्कं लक्षात घे. आणि दारूचा तर प्रश्नच नाही. बैठकीच्या आधी हे पत्र पोचणार नाही याचं फार वाईट वाटतं. फोन करते तर ते शेजारी असतात. कालही "बैठकीत काही बोलू नका, माझ्या पत्राची वाट बघा" एवढंच सांगायचं होतं, तर त्यांनी मलाच विचारलं, "कोणती बैठक?" आणि मी "आमच्या ऑफिसातली" असं काहीतरी बरळले.

आजपासून तुम्ही खाली गाद्या टाकून झोपा, आणि दोन गाद्यांत अंतर ठेव. त्यांच्या उशाशी असलेली कुऱ्हाड आणि विळा दुसऱ्या खोलीत ठेव. हे आजच कर. झोपेत हाताला काय येईल सांगता येत नाही.

आता काही गोष्टी विचारते. विचित्र वाटतील, पण नीट बघून कळव. मोठेबाबांना वास येतो का? फोडणीचा, हिंगाचा, करपल्याचा? संडासला साफ होते का, की कुंथत बसावं लागतं? आवाज आधीपेक्षा बारीक झाला आहे का? आणि स्वप्नात काय दिसतं, हे त्यांना विचारून बघ.

का विचारते ते नंतर सांगीन. तसं काही विशेष नाही, आमच्या कामात विचारायची सवय लागली आहे.

खुशबू

*

केशोरी, ३१ मार्च २०२५

खुशबू,

बैठक होऊन गेली. तुझं पत्र नंतर आलं.

त्या रविवारी विहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. अध्यक्षीण मी, आणि आरोपीही माझाच. शामकलानं उभं राहून विचारलं, "ताराचंदभाऊ, बाईच्या तोंडावर हे कायनं झालं?" मी मध्येच म्हटलं, कवाड लागलं. ती म्हणाली, "कवाडाले हात असतात का बाई? दुसऱ्याच्या नवऱ्याले उभं करतेस, तुह्या नवऱ्याले काऊन नाही?" बरोबर बोलली. तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते.

हे उठले. माझ्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "मी घेतली होती जी. चूक झाली."

नशा न करण्याचं पाचवं शील गावाकडून पाठ करून घेणारा माणूस बुद्धांच्या मूर्तीसमोर असं बोलला. विहाराची किल्ली त्यांनी स्वतःच कमरेची काढून शामकलाच्या हातात दिली. आता जयंतीची वंदना दुसरं कोणी घेईल.

घरी आल्यावर मी भांडले. म्हटलं, "खोटं कायले बोलले? जिंदगीत थेंब नाही घेतला तुमी!" तर म्हणतात, "मंग काय सांगू? रात्री काय करतो ते मलेच माहीत नाही असं सांगू? दारूड्याले लोक माफ करतात वं. येड्याले खोलीत कोंडतात." म्हणजे यांना सगळं कळलं होतं. कवाडावर त्यांनी कधी विश्वास ठेवलाच नव्हता.

त्या दिवसापासून ते ओसरीत झोपतात. मला आत कडी लावायला लावतात. ते झोपले की मी कडी काढते.

तुझे प्रश्न वाचून एवढ्या दुःखातही हसू आलं. डॉक्टरीणबाई, संडासचं म्हणशील तर हो, फार वेळ लागतो, जाताना रोज तंबाखू चोळत जातात. आवाज बारीक झाला आहे. वंदनेच्या वेळी मागच्या बाया "मोठ्यानं म्हणा जी" असं ओरडायच्या. वासाचं सांगते. परवा अवकाळी पाऊस आला आणि अंगणात विकायला वाळत घातलेली मोहफुलं भिजून आंबली. इतकी घाण सुटली की शेजारचा भोजराज नाकाला गमछा लावून सांगायला आला. हे त्या ढिगाशेजारी बसून आरामात वरणभात जेवत होते. मी विचारलं, वास नाही येऊन राहिला का तुम्हाला? म्हणाले, "कायचा?"

स्वप्नाचं विचारलं. म्हणतात, काही आठवत नाही. पण मान वळवून म्हणाले.

तुझी मोठीमाय

*

बंगळूर, ७ एप्रिल २०२५

मोठीमाय,

हे पत्र तू मंडळाच्या बायांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्यासाठीच साध्या शब्दांत लिहिते आहे.

आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदू शरीराला कुलूप लावून ठेवतो. स्वप्नात आपण पळतो, पण पाय खाटेवरच असतात. काही माणसांमध्ये, बहुतेक पन्नाशीनंतर, हे कुलूप ढिलं होतं. मग माणूस स्वप्नात जे करतो ते हातापायांनी खरंच करतो. हा झोपेचा आजार आहे. याला नाव आहे, याची तपासणी आहे आणि यावर गोळ्याही आहेत. दारूशी, रागाशी, कोणाच्या करणीशी मोठेबाबांच्या या दुखण्याचा काही संबंध नाही. आमच्या संस्थेत असे कितीतरी लोक येतात आणि त्यातले बहुतेक स्वभावानं अगदी शांत असतात. ताराचंद मेश्राम यांनी दारू घेतली नव्हती. आपल्या बायकोला लागलं याची लाज वाटून ते खोटं बोलले, एवढाच त्यांचा गुन्हा.

इथपर्यंत बायांसाठी. पुढचं तुझ्यासाठी. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता सोबत पाठवते आहे. भीमजयंती झाली की लगेच घेऊन जा. कडी काढत जाऊ नकोस गं. त्यांच्या हातून काही झालं तर ते जगणार नाहीत.

खुशबू

*

केशोरी, ५ मे २०२५

खुशबू,

तुझं पत्र जयंतीच्या दोन दिवस आधी पोचलं. विहाराच्या ओट्यावर उभी राहून वाचलं. "दारू घेतली नव्हती" इथं आले तोच शामकलानं कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं तिनं वाचलं. मग ती तडक आमच्या घरी गेली. हे सायकलचं पंक्चर काढत बसले होते. तिनं किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी आमाले पाप लावलं. एवढं मोठं खोटं बोलतात का?" दोघंही रडले. शामकला रडते हे मला माहीतच नव्हतं.

जयंतीची वंदना यांनीच घेतली. आवाज बारीकच होता, पण त्या दिवशी मागून कोणी ओरडलं नाही.

नागपूरला जाऊन आलो. रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपवलं. आता रोज झोपताना गोळी घेतात. हात फिरतात अजून, पण लाथा कमी झाल्या. गाद्या खाली टाकल्या आहेत आणि मध्ये तांदळाची दोन पोती ठेवली आहेत. कडीची भानगड संपली. तुझे उपकार कसे फेडू, असं लिहिणार होते, पण तू आमचीच पोर, म्हणून नाही लिहीत.

आता कामाचं. त्या डॉक्टरनंही तेच विचारलं जे तू विचारलं होतंस. वास येतो का, संडास कशी होते. मग यांना चालायला लावलं, चालताना हात हलतात का ते बघितलं, बोटं चिमटीसारखी उघडझाप करायला सांगितली. झोपेच्या आजाराला बोटांशी काय करायचं आहे? मग मला म्हणाले, बाई, खालून गोळ्या घेऊन या. गोळ्या काय पळून जात होत्या?

अंगणवाडीत मी एखाद्या आईला विचारते की पोर माती खाते का, ते काही गप्पा म्हणून विचारत नाही. मला त्यातून काहीतरी कळत असतं, आणि आईच्या तोंडाकडे बघून मी ते लगेच सांगत नाही. तू माझ्याशी तेच केलंस. "तसं काही विशेष नाही" असं लिहिलंस ना, तिथंच मी समजले होते. बैठकीनंतरच्या गडबडीत विसरले, आता आठवलं.

काय आहे ते लिही. मी अध्यक्षीणबाई आहे, रडत बसणार नाही.

तुझी मोठीमाय

*

बंगळूर, १६ मे २०२५

मोठीमाय,

तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. चार वेळा लिहायला बसले आणि उठले. आता लिहितेच.

पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो, त्या आजाराचा आमचा प्रकल्प आहे. आधी संशोधन माणसाचे हात थरथरायला लागल्यावर सुरू व्हायचं. पण तोपर्यंत मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या जागेच्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणून आता जगभर सगळ्यांचं लक्ष आधीच्या काळाकडे वळलं आहे. हात थरथरण्याच्या दहा, पंधरा वर्षं आधी काय होतं? कळलं ते असं: वास जातो, पोट साफ होत नाही, आणि काही जणांच्या झोपेतलं ते कुलूप ढिलं होतं. या तिघांपैकी झोपेची खूण सगळ्यात पक्की.

झोपेत असं करणाऱ्या दहा माणसांपैकी सातआठ जणांना पुढे कंपवात किंवा त्याच जातीचा विसरण्याचा आजार होतो. कोणाला तीन वर्षांत, कोणाला पंधरा. काहींना होतच नाही. मोठेबाबा कोणात आहेत हे आज कोणीच सांगू शकत नाही. आता मानेच्या, पायाच्या कातडीचा मुगाएवढा तुकडा काढून त्यात एक बिघडलेलं प्रथिन आहे का ते शोधतात. ते सापडलं तरी कधी होणार हे कळत नाही. आजार थांबवणारं औषध अजून नाही. बरीच औषधं चाचणीत आहेत, काही चाचण्या फसल्या, काही सुरू आहेत. व्यायामानं फायदा होतो असं दिसतं. त्यांना सायकल सोडू देऊ नकोस.

आमच्याकडे प्रकल्पात नाव घालताना प्रत्येकाला विचारतो, तुम्हाला पुढचा धोका जाणून घ्यायचा आहे का? कितीतरी लोक नाही म्हणतात. त्यांना आम्ही सांगत नाही. न कळण्याचाही माणसाला हक्क आहे, असं आम्हाला शिकवतात. मी लोकांच्या नाकाखाली लवंग आणि संत्र्याच्या वासाच्या कांड्या धरते, ते "काही नाही" म्हणतात, आणि मी हसून पुढची कांडी धरते. रोजचं काम आहे. पण तुझ्या पत्रात त्यांचं ते "कायचा?" वाचल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्यानं पुढची कांडी धरवेना.

अजून एक सांगते. पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, अशीच माणसं आमच्या प्रकल्पाला हवी असतात. आधी ते आलं, रडू नंतर आलं. याची मला फार लाज वाटते.

मला भीती वाटते मोठीमाय. सांगावं की नाही ते तू ठरव. मला काही सुचत नाही.

तुझी खुशबू

*

केशोरी, २७ मे २०२५

खुशबू,

वाचलं. दोनदा वाचलं. मग चुलीत टाकलं.

मनिराम गुरुजी आठवतात तुला? तू लहान होतीस. शेवटी शेवटी दारातून पाऊल उचलेना त्यांचं. उंबऱ्यावर उभेच राहायचे, मागे बायको आणि पुढे सून हात धरून. शाळेतली पोरं त्यांच्यासारखं चालून दाखवायची. वरण पाजताना अर्धं गळ्यावरून सांडायचं. एवढा कडक मास्तर, सून ओठ पुसायची तेव्हा डोळे मिटून घ्यायचा.

मी यांना सांगणार नाही. तूही सांगायचं नाही, तुला माझी शपथ. गोळी घेतात, झोप लागते, वंदना घेतात. हातात आहेत तेवढे दिवस सुखाचे जाऊ देत. मी एकटी घाबरीन. मला सवय आहे.

फक्त रात्री झोप येत नाही. पोत्यांपलीकडे त्यांचा श्वास ऐकत पडते. आधी त्यांच्या लाथेला घाबरायची, आता ते अगदी गप्प झोपले की घाबरते. शामकला विचारत होती, चेहरा काऊन उतरला. उन्हाळा म्हटलं.

मोठीमाय

*

केशोरी, २९ मे २०२५

चि. खुशबू,

अनेक आशीर्वाद आणि जय भीम. मी कधी पत्र लिहीत नाही हे तुले माहीत आहे. आज तुझी मोठीमाय अर्जुनीले अंगणवाडीच्या मीटिंगले गेली, म्हणून लिहून राहिलो. चुकलं माकलं सांभाळून घेशील.

नागपूरच्या डॉक्टरनं तिले गोळ्या आणाले पाठवलं तवा मी विचारलं, साहेब, बोटं कायले पाहून राहिले? आधी ते टाळत होते. मी म्हटलं, मी जंगलातला माणूस आहे, धूर दिसला की आग कोठं आहे ते पाहाले जातो, तुमी धूर पाहून राहिले आणि मले सांगून नाही राहिले. मग त्यांनी सांगितलं. कंपवात होऊ शकतो म्हणाले. मनिराम गुरुजीले होता तोच.

हे तिले सांगू नोको. तिचा चेहरा आधीच उतरला आहे, माझ्या रातच्या तमाशानं. तुले ती काही विचारेल, हुशार आहे. तू म्हणशील, काही नाही, फक्त झोपेचं आहे.

मले मरणाचं भेव नाही वाटत. तिच्या हातून वरण पिण्याचं भेव वाटते.

आणखी एक. तू स्वप्नाचं विचारलं होतं, मी आठवत नाही म्हटलं. आठवते. रोज तेच असते. मोहाच्या झाडाखाली ती टोपली घेऊन बसली असते आणि मागून अस्वल येते. मोठं, काळं. ते तिच्या अंगावर पडते. मी त्याले मारतो, लाथा घालतो, निघ म्हणतो, पण ते निघत नाही. जाग येते तवा माझ्या हाताखाली ती असते. आता सांग पोरी, हे मी तिले कसं सांगू? तोंडानं बोललो तर खरं होईल असं वाटते. मी विहारात लोकांले सांगतो की असल्या गोष्टी मानू नका, आणि मीच मानून राहिलो.

तुझे मोठेबाबा,
ताराचंद

*

बंगळूर, ८ जून २०२५

प्रिय मोठीमाय आणि मोठेबाबा,

जय भीम. लिफाफ्यावर दोघांचं नाव टाकलं आहे आणि या वेळी पत्ता घरचा आहे. हे पत्र दोघांनी सोबत बसून वाचायचं. एक जण घरी नसेल तर थांबा.

एका आठवड्यात मला केशोरीहून दोन पत्रं आली. दोन्हीत लिहिलं होतं की दुसऱ्याला सांगू नको. दोन्ही पत्रं एकाच गोष्टीबद्दल होती.

न कळण्याचा हक्क असतो, असं मी लिहिलं होतं. पण तुम्हा दोघांनाही कळलेलं आहे. आता लपवण्यासारखं उरलं आहे ते एवढंच की तुम्ही घाबरला आहात. ते एकमेकांपासून लपवू नका. एकीची शपथ आणि एकाची विनंती, दोन्ही मी मोडते आहे. रागवायचं असेल तर मला रागवा.

मोठेबाबा, ते स्वप्न आत्ता, हे पत्र खाली ठेवून, मोठीमायला सांगा. तोंडानं सांगा. ती दिवाळीपासून एका शब्दाचा अर्थ लावत बसली आहे आणि तो चुकीचा लावला आहे.

तुमची खुशबू

*

केशोरी, २२ जून २०२५

खुशबू,

शपथ मोडलीस त्याबद्दल आधी रागावते. झालं रागावून.

पत्र यांनी वाचलं. वंदना म्हणतात तसं, ताठ बसून. "दोन्ही पत्रं एकाच गोष्टीबद्दल" इथं आले आणि कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "तुमाले कधीपासून माहीत?" म्हणाले, "नागपूरपासून. तुले?" मी म्हटलं, "त्याच्या नंतर." बाहेर मंगरूच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, धानाच्या परह्यांसाठी चिखल सुरू आहे.

मग त्यांनी अस्वलाचं सांगितलं. खाली बघून सांगत होते. निघ म्हणतो तरी निघत नाही म्हणाले, आणि मला हुंदका आवरला नाही. मी म्हटलं, "मले वाटे, तुमी मलेच निघ म्हणता. मूल नाही झालं म्हणून." खुशबू, त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "येडी आहेस का वं? तुले निघ म्हणीन तर मी कोठं जाईन?" वेडं ठरायची भीती त्यांना होती, आणि वेडी निघाले मी.

धान कापून झालं की आम्ही दोघं बंगळूरला येतो. कातडीचा तुकडा द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. म्हणतात, माझ्या कामी नाही आलं तर पुढच्या एखाद्याच्या कामी येईल. काय निघालं ते मला सांगा, असंही म्हणतात. मी म्हटलं, मला नाही ऐकायचं. त्यावर आमचं भांडण सुरू आहे आणि ते दिवाळीपर्यंत चालेल असं दिसतं.

पोती मी काढली नाहीत. तेवढी अक्कल आहे मला. पण आता झोपण्याआधी बोलतो. वरण कोणी पाजायचं त्यावरही बोललो. मी म्हटलं, डोळे मिटून घ्यायचे नाहीत, माझ्याकडे बघायचं. त्यांनी कबूल केलं.

भीती गेली असं समजू नकोस. सकाळी चहाच्या वेळी मी चोरून त्यांच्या बोटांकडे बघते. त्यांनी ते ओळखलं. परवापासून कप घेण्याआधी दोन्ही हात माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "पाहून घे." मी पाहते. ते माझ्या तोंडाकडे पाहतात, कारण त्यांना स्वतःच्या हातांकडे पाहवत नाही. मग मी म्हणते, काही नाही, आणि त्यांच्या हातात कप देते.

तुझी मोठीमाय